निळ्या उतारावरचं दूध

मेंढ्यांच्या तोंडात काय जावं आणि काय जाऊ नये, हे विचारायला तीस-तीस मैलांवरून माणसं माझ्याकडे यायची. मीही आधी पाइप भरायचो, मग पेटवायचो, त्यांना चांगलं ताटकळत ठेवायचो आणि मग सांगायचो. एकोणिसाव्या वर्षी पिरेनीजमधलं गाव सोडून मी नेवाडाच्या या माळावर आलो. तेव्हापासून मेंढ्यांमागे चालण्यापलीकडे दुसरं काही केलं नव्हतं, तेव्हा एवढा माज मला शोभून जायचा. आता मला कोणी काही विचारत नाही. विचारलं तरी मी सांगत नाही.

त्या वर्षीच्या मार्चमध्ये घोडा माझ्या अंगावर कोसळला आणि उजवा गुडघा कामातून गेला. त्यामुळे उन्हाळ्यात कळप घेऊन डोंगरावर माझ्याऐवजी माझा धाकटा भाऊ गेला, बेन्यात त्याचं नाव. खाली घरी राहिलो आम्ही दोघं, मी आणि बेन्यातची बायको ग्राशी. सोबत पाच शेळ्या, बेल्त्सा नावाची काळी कुत्री आणि सगळीकडे सेजब्रशची करडी झुडपं.

ग्राशी आमच्याच गावाहून आणलेली. जिभेने तिखट, हाताने मायाळू. माझ्या स्वयंपाकाला ती शिक्षा म्हणायची आणि माझ्या पाइपला चुलीचा धाकटा भाऊ. लग्नाला चार वर्षं झाली होती आणि दोनदा तिचं पोट पडलं होतं, दोन्ही वेळा तिसऱ्या महिन्यात. एप्रिलच्या शेवटी तिला पुन्हा दिवस गेल्याचं कळलं, तेव्हा बेन्यात जाताना मला कोठाराच्या मागे घेऊन गेला आणि म्हणाला, "दादा, हिच्याकडे बघ." एवढंच म्हणाला. आमच्या घरात याहून लांब भाषण कोणी करत नाही.

मी बघत होतो, पण तिच्या पोटात काही ठरतच नव्हतं. घेवड्याचं सूप नको, मटण नको, आमच्या विहिरीचं खारट पाणी तर ओठाला लागलं की उलटी. मे महिन्यात तिची गालफडं वर आली. एके सकाळी शेळीची धार काढून मी भांडं ओट्यावर ठेवलं, तर तिने ते उचललं आणि कोमटच्या कोमट घटाघटा प्यायली. मी तसाच उभा राहिलो. अर्धा तास झाला, तास झाला, दूध पोटात राहिलं.

"अजून आहे का भावजी?" तिने विचारलं.

मी लंगडत पुन्हा गोठ्यात गेलो. शेळीच्या कासेत उरलंसुरलं होतं ते निपटून आणलं. मला बायको नाही, पोरं नाहीत, आणि खरं सांगायचं तर त्या दिवसाइतका आनंद मला आधीही कधी झाला नव्हता आणि नंतरही झाला नाही.

जूनमध्ये माळ वाळायला लागला. गवत गेलं, शेळ्यांचं दूध कमी झालं. पण घरामागच्या उत्तरेच्या उतारावर बर्फ उशिरा वितळतो, तिथे ओल असते, आणि तिथे ल्युपिन फुललं होतं. पायथ्यापासून वरच्या खडकापर्यंत निळंच निळं, गुडघाभर उंच, बोटं पसरलेल्या तळव्यासारखी पानं आणि वाटाण्यासारखी फुलं. आमच्या गावाकडे शेंग धरणारा पाला म्हणजे दुधाचा पाला. गाय व्याली की तिला तोच घालायचा, हे आईने आम्हाला भाकरीबरोबर शिकवलं होतं.

मी काही डोळे झाकून शेळ्या तिथे घातल्या नाहीत. ल्युपिनने मेंढ्या मरतात हे मला ठाऊक होतं. दोनशे मेलेल्या मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्या होत्या. पण त्या मरतात शेंगांनी, आणि तेही उपाशीपोटी. पोट भरलेल्या जनावराने फुलं खाल्ली तर काही होत नाही, हा मेंढपाळांचा नियम, आणि तो नियम शिकवणारा या भागात मी. म्हणून मी रोज सकाळी शेळ्यांना आधी लसूणघास घालायचो, पोटं भरली की मगच उतारावर न्यायचो आणि शेंग धरायच्या आत उतार बंद करायचा हे ठरवून टाकलं होतं. इतका मी शहाणा होतो.

शेळ्यांच्या कासा भरल्या. ग्राशी सकाळी दोन वाडगे प्यायची, संध्याकाळी एक. तिसरा महिना सरला आणि पोट पडलं नाही. तिच्या गालांवर रंग आला, ती पुन्हा मला टोमणे मारायला लागली. बेल्त्साही गाभण होती, उरलेलं दूध मी तिच्या थाळीत ओतायचो. ग्राशी म्हणायची, या घरात सगळ्या बायकांची चंगळ आहे, एकटा भावजीच तेवढा वाळतोय. मी गुरगुरायचो आणि मनात लाडू फुटायचे.

जुलैच्या शेवटी बेल्त्सा व्याली. पाच पिल्लं, आणि पाचांचेही पुढचे पाय आत मुडपलेले. सरळ करायला गेलं की होत नव्हते, सांधा लाकडासारखा घट्ट. मी शेजारच्या टॉलीच्या कुत्र्याला चार शिव्या घातल्या, कारण बाप तोच होता. मेंढपाळाच्या घरी चालू न शकणारं पिल्लू ठेवत नाहीत. मी ती पोत्यात घातली आणि बुडवायला पाण्याच्या टाकीवर नेली. ग्राशी दारात उभी राहून म्हणाली, एक तरी ठेवा, मी सांभाळते. मी म्हटलं, "तुला सांभाळायला येतंय की आता एक." ती हसली आणि आत गेली.

ऑगस्टच्या मध्यावर जनावरांचे डॉक्टर हॉलिस माझ्या घोड्याचे दात बघायला आले. काम झाल्यावर आम्ही कुंपणाला टेकून उभे होतो. ग्राशी पलीकडे कपडे वाळत घालत होती. हॉलिस म्हणाले, टॉलीकडे यंदा सात वासरं वाकडी जन्मली. मी म्हटलं, टॉलीची कुत्रीही वाकडी, गुरंही वाकडी, माणूसच मुळात वाकडा.

"टॉलीचा दोष नाही. ल्युपिन आहे ते," हॉलिस म्हणाले. "विद्यापीठातल्या लोकांनी आता नक्की केलंय. गाय दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात असताना तिने ते खाल्लं, की पोटातलं वासरू गुंगीत पडून राहतं. हालत नाही. हाडं वाढत जातात आणि सांधे आहेत तसेच धरतात. गाईला काही होत नाही, ती मजेत चरत असते."

"मेंढ्यांना असं होत नाही," मी म्हटलं.

"मेंढ्यांना नाही. शेळ्यांना होतं."

माझ्या शेळ्या गाभण नव्हत्या, तेव्हा मला काय त्याचं, असं म्हणून मी पाइप काढला. तो भरता भरता हात थांबला. मी विचारलं, दुधातून उतरतं का ते. हॉलिस म्हणाले, ते अजून कोणी तपासलेलं नाही, का बरं? मी त्यांना बेल्त्साच्या पिल्लांचं सांगितलं. त्यांनी टोपी काढली. कुत्रीला दूध किती दिवस घालत होतास, शेळ्या कुठे चरत होत्या, फुलावर होतं की शेंगेवर, एकेक गोष्ट विचारली. मी एकेक गोष्ट सांगितली. मग त्यांची नजर कपड्यांच्या दोरीकडे गेली. ग्राशी वाकून टोपलीतला शर्ट उचलत होती. पाचवा महिना होता, आता दिसायला लागलं होतं.

"घरात ते दूध कोण पितं?" त्यांनी विचारलं.

"मी. कॉफीत घालून."

"आणि ती?"

"तिला दुधाचा वासही सहन होत नाही."

हॉलिस माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, नसेल पीत तर बरंच आहे, आणि टोपी घालून निघून गेले. मी खोटं का बोललो याचा मी आयुष्यभर विचार केला आहे. जीभच तशी वळली. खरं बोललो असतो तर ते त्याच क्षणी खरं झालं असतं, आणि ते मला नको होतं.

त्या संध्याकाळी धार काढली ती सगळी मातीत ओतली. ग्राशीला सांगितलं, शेळ्या आटल्या. ती म्हणाली, पाचही एकाच दिवशी? मी म्हटलं, ऊन आहे. दुसऱ्या दिवशी एक ओळखीचा मेंढपाळ रस्त्याने चालला होता, त्याला पाचही शेळ्या फुकट देऊन टाकल्या. ग्राशी दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिला तोवर सगळं पचायला लागलं होतं, दुधावाचून तिचं काही अडणार नव्हतं, पण त्या शेळ्यांना तिने नावं ठेवली होती.

मग मी कुदळ घेऊन उतारावर गेलो. फुलं कधीच झडली होती, शेंगाही तडकून गेल्या होत्या, नुसती वाळकी झाडं उभी होती. आता ती उपटून काय होणार होतं? पण मी उपटत होतो. मुळं हातभर खोल, कोरड्या मातीत रुतलेली. गुडघ्यातून कळा यायच्या, तळहात फुटले होते. सहा दिवसांत मी घराच्या ओसरीएवढी जागा मोकळी केली असेल. वर पाहिलं की उतार आभाळापर्यंत तसाच.

सातव्या दिवशी ग्राशी कॉफी घेऊन वर आली. मी हे काय करतोय म्हणाली. मी म्हटलं, मेंढ्या खाली येतील, शेंगा नकोत. शेंगा संपल्यात की भावजी, ती म्हणाली. माझ्या हातातली कुदळ काढून घेतली, मला खाली बसवलं आणि आपल्या एप्रनच्या टोकाने माझे तळवे पुसायला लागली. मी मनात म्हटलं, सांगून टाक. आताच सांगून टाक. त्याऐवजी मी विचारलं, "हालतं का?"

"कोण?"

"पोटातलं."

"फार नाही," ती खुशीत म्हणाली. "कधीतरी पाय मारतं. एरवी गप्प. बापावर गेलंय, बोलायलासुद्धा उठायचं नाही."

मी कप खाली ठेवला. हॉलिसचे शब्द डोक्यात घण मारत होते, हालत नाही, हाडं वाढतात, सांधे धरतात. त्या दिवसापासून मी रोज तिला तेच विचारायचो. सकाळी हालतं का, संध्याकाळी हालतं का. ती मला हसायची. म्हणायची, या म्हाताऱ्याला बापाहून जास्त घाई झालीय. एखाद्या दिवशी ती म्हणाली की आज बरंच हाललं, तर मी कोठारात जाऊन रडायचो आणि वाटायचं, झालं, सुटलो, काही होणार नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा ती म्हणायची, झोपलंय बाई.

ऑक्टोबरमध्ये बेन्यात डोंगरावरून उतरला. बायकोला पाहून त्याला काय करू आणि काय नको असं झालं. त्याने मला मिठी मारली, जे त्याने आई वारली तेव्हाही केलं नव्हतं. म्हणाला, दादा, तुझ्यामुळे. मी त्याला बाजूला सारलं आणि मेंढ्या मोजायला गेलो.

सांगायची वेळ काही एकदाच आली नव्हती. रोज यायची. मी स्वतःला समजावायचो की सांगून बाळाचे सांधे सुटणार नाहीत, उगाच पोरीच्या जिवाला घोर लागेल, बाळंतपणात घाबरेल, काहीबाही होऊन बसेल. यात खोटं काही नव्हतं. पण मुख्य गोष्ट वेगळीच होती. चार वर्षांत मला माणसात आणलं होतं तिने. सकाळी ती मला भावजी म्हणून हाक मारायची, आणि ती हाक बंद होईल याची मला भीती वाटत होती. साठीच्या दारात आलेला माणूस, लांडग्यांना भ्यायला नव्हता, हिमवादळात चार-चार दिवस एकटा राहिला होता, आणि इथे त्याची जीभ रेटत नव्हती.

नाताळ झाल्यावर गावातली कात्तालिन येऊन राहिली. ती आमच्या लोकांची खानावळ चालवायची. नवरा गेल्यापासून खानावळही तिची आणि गावातली निम्मी बाळंतपणंही तिची. ठरलं होतं की वेळ आली की इस्पितळात न्यायचं, पण जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात बर्फाने रस्ता बुजला आणि ग्राशीला पहाटे कळा सुरू झाल्या. कात्तालिनने बेन्यातला आणि मला स्वयंपाकघरात बसवलं आणि दार लावून घेतलं.

बेन्यात लाकडं आत आणत होता, इतकी आणली की चुलीपुढे चालायला जागा राहिली नाही. मी खुर्चीत बसून होतो. नऊ वाजले, दहा वाजले. आतून ग्राशीचं ओरडणं यायचं, थांबायचं. मी देवाला सांगत होतो की माझे हात घे. खांद्यापासून घे. मला आता त्यांचं काही काम नाही. असं कितीदा म्हटलं असेन ते मोजलं नाही.

साडेअकराच्या सुमाराला बाळ रडलं. आवाज चांगला खणखणीत होता. बेन्यात हातातलं लाकूड टाकून उठला. दार मात्र उघडलं नाही. आम्ही उभे राहिलो. बऱ्याच वेळाने कात्तालिन बाहेर आली, हात पुसत. ती हसत नव्हती.

"मुलगी आहे," ती म्हणाली. "ग्राशी ठीक आहे. बेन्यात, तू आत ये, आणि तोंडातून शब्द काढू नकोस आधी."

तो आत गेला. मी दाराशी गेलो. तिथून पलंग दिसत होता. मुलगी ग्राशीच्या छातीवर होती, दाट काळे केस, पाय सरळ. दोन्ही हात कोपरात दुमडून छातीला चिकटलेले, मनगटं आत वळलेली, बोटं मुठीत. कात्तालिनने हलकेच एक मनगट उघडून पाहिलं, ते जागचं हललं नाही. मी ओळखलं. असं मी पाच वेळा हातात धरून पाहिलं होतं.

ग्राशी रडत नव्हती, नुसती बोलत होती. बेन्यातला सांगत होती की हे तिचं पाप आहे. दुसरं पोट पडलं तेव्हा ती चर्चमध्ये मारियामातेच्या मूर्तीपुढे उभी राहून म्हणाली होती, आता मला देऊच नकोस, मला नको तुझं. रागात म्हणाली होती. आणि आता मारियेने दिलं ते असं दिलं. "मी तोंडाने मागून घेतलं रे," ती म्हणाली. बेन्यात म्हणाला, नाही, माझी चूक, डोंगरावर जायच्या आधी तुला ट्रकमधून त्या खड्ड्यांच्या रस्त्याने नेलं. ती म्हणाली, ट्रकने काही होत नसतं. दोघं असं एकमेकांच्या हातून ते ओढून घेत होते, आणि मी दाराच्या चौकटीला धरून ऐकत होतो. गप्प राहिलो असतो तर जन्मभर गप्प राहता आलं असतं. ग्राशी ते दूध प्यायची हे हॉलिसना माहीत नव्हतं, शेळ्या नव्हत्या, पिल्लं पुरली होती.

"ग्राशी," मी म्हटलं, "मारियेचं काही नाही. दुधाचं आहे."

मग सगळं सांगितलं. उतार, फुलं, बेल्त्सा, हॉलिस. हॉलिसना काय म्हणालो तेही सांगितलं. शेळ्यांचं सांगितलं. माझं संपल्यावर बेन्यात माझ्याजवळून, मला न शिवता, अंगावर कोट न घेता बाहेर बर्फात निघून गेला. कात्तालिनने छातीवर क्रुसाची खूण केली आणि त्याचा कोट घेऊन त्याच्यामागे गेली.

ग्राशी माझ्याकडे बघत होती. "कधी कळलं?" तिने विचारलं.

"ऑगस्टमध्ये."

तिने हिशेब केला असावा, कारण ओठ हलले.

"गानिश," ती म्हणाली. तिने मला नावाने हाक मारायची ती पहिली वेळ. "तुला नव्हतं माहीत तेव्हा तू पाजलंस, त्याचं मी काही म्हणत नाही. पण पाच महिने तू माझ्यासमोर बसून लोकरीची लडी धरलीस. मी बाळाच्या स्वेटरच्या बाह्या विणत होते. लांब होतील का म्हणून मी तुला विचारत होते, आणि तू तुझ्या बोटांनी मापं देत होतास."

मुलगी थंडीने कुडकुडायला लागली होती, चूल बाहेरच्या खोलीत आणि या खोलीच्या काचांवर आतून बर्फ. पलंगाच्या पायथ्याशी पांढरे स्वेटर घडी करून ठेवले होते, चार की पाच. ग्राशीने एक उचलला, मुलीच्या डोक्यातून घातला आणि हात बाहीत घालायचा प्रयत्न केला. तो जाईना. तिने पुन्हा केला. मुलगी कळवळून रडली.

"कात्री आण," ग्राशी म्हणाली.

मी आणली. मला वाटलं ती हात पुढे करेल, पण तिने दोन्ही हातांनी मुलीला उचलून माझ्यासमोर धरलं.

"तू काप," ती म्हणाली. "सावकाश. तिला लागेल."

मी मनगटापासून सुरुवात केली आणि खांद्यापर्यंत बाही कापली. मग तिने मुलीला वळवलं आणि मी दुसरी कापली. मग उरलेले स्वेटर कापायला घेतले.